वाचकांचे प्रश्न : ऊन पाण्याचे पवित्र नगर

गेल्या अंकात पश्चिम तुर्कस्तानातील पामुक्कले येथील पांढऱ्या शुभ्र पायऱ्यांचे छायाचित्र छापले होते आणि त्याखाली ‘माथ्यावर हिएरापोलिस या ग्रीक-रोमन नगराचे अवशेष’ एवढीच ओळ होती. त्या एका ओळीवर अनपेक्षितपणे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

पुण्याहून एका वाचकांनी विचारले आहे : आम्ही तुर्कस्तानच्या सहलीला निघालो आहोत. कार्यक्रमपत्रिकेत ‘पामुक्कले, दीड तास’ एवढेच लिहिले आहे. पांढऱ्या डोहांखेरीज तिथे पाहण्यासारखे काही आहे का?

आहे, आणि ते दीड तासात पाहून होणारे नाही. देनिझली शहराजवळ, जुन्या लायकस नदीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या एका कड्याच्या माथ्यावर हे नगर वसले होते. कड्याच्या उतारावरून वाहणाऱ्या ऊन पाण्याने जे पांढरे थर घडवले, त्यांना तुर्की लोक ‘पामुक्कले’, म्हणजे कापसाचा किल्ला, म्हणतात. हिएरापोलिस या ग्रीक नावाचा सरळ अर्थ पवित्र नगर. पर्गामन या ग्रीक राज्याच्या अत्तालिद घराण्यातील राजांच्या काळात, इ. स. पू. दुसऱ्या शतकात, त्याची रीतसर वसाहत झाली आणि इ. स. पू. १३३ मध्ये शेवटच्या अत्तालिद राजाने आपले राज्यच मृत्युपत्राने रोमला देऊन टाकल्यावर ते रोमच्या ताब्यात आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात भूकंपांनी हे नगर खिळखिळे केले. त्यांतला नीरोच्या कारकिर्दीतला, सन ६० च्या सुमाराचा भूकंप विशेष विध्वंसक होता. आज दिसणारे रुंद रस्ते, वेशी, स्नानगृहे आणि नाट्यगृह ही बहुतांशी त्यानंतरच्या पुनर्बांधणीची आहेत.

उत्तरेकडच्या वेशीवर फ्रॉन्टिनस या रोमन प्रांताधिपतीचे नाव आहे. हाच अधिकारी पुढे खुद्द रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. नाट्यगृहाच्या रंगमंचावर अपोलो, आर्टेमिस आणि डायोनायसस यांच्या कथा संगमरवरात कोरल्या आहेत. ‘आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ओळखा’ अशी शिकवण देणारा तत्त्वज्ञ एपिक्टेटस पहिल्या शतकात याच नगरात गुलाम म्हणून जन्मला. इटलीच्या पुरातत्त्वज्ञांचे पथक १९५७ पासून येथे उत्खनन करीत आहे. १९८८ मध्ये युनेस्कोने पामुक्कले आणि हिएरापोलिस यांची जागतिक वारसा म्हणून एकत्र नोंद केली, तीही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. ही जोड मला फार महत्त्वाची वाटते, कारण येथे पाणी वेगळे काढून नगर समजून घेता येत नाही आणि नगर वगळून पाणी पाहिले, तर हाती फक्त छायाचित्र उरते.

राजापूरहून एका वाचकांचे पत्र : आमच्याजवळ उन्हाळे आहे, वज्रेश्वरीला कुंडे आहेत, पालीजवळ उन्हेरे आहे. या सगळ्या ठिकाणी पाणी ऊनच असते; मग पामुक्कलेसारखे पांढरे डोंगर आपल्याकडे का झाले नाहीत?

फरक पाण्याच्या उष्णतेत नाही, वाटेत त्याला कोणता खडक भेटतो यात आहे. कोकणातले झरे काळ्या कातळाच्या प्रदेशातून वर येतात. पामुक्कलेच्या जमिनीखाली चुनखडीचे आणि संगमरवराचे खडक आहेत. खोलवर, दाबाखाली असलेल्या पाण्यात कर्ब वायू (कार्बन डायऑक्साइड) मोठ्या प्रमाणावर विरघळतो आणि त्यामुळे किंचित आंबट झालेले ते पाणी चुनखडी विरघळवत वर येते. भूपृष्ठावर ते सुमारे ३५ अंश सेल्सियसला बाहेर पडते. दाब नाहीसा होताच वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही. तो प्रथम मऊसर, साईसारखा बसतो आणि मग कडक होऊन त्याचा दगड बनतो. ज्या घरात क्षाराचे पाणी येते तिथल्या बंबाच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच हा प्रकार. फक्त येथे तो हजारो वर्षे अखंड चालू राहिला. पाणी जिथे काठावरून सांडते तिथे ते अधिक पातळ पसरते, वायू लवकर उडतो आणि थर जाड बसतो. त्यामुळे काठ आपोआप उंच होत जातो व त्यामागे डोह तयार होतो.

प्राचीन लोकांनी हे नुसते पाहिले नाही, कामाला लावले. रोमन स्थपती विट्रुव्हियस सांगतो की, हिएरापोलिसचे लोक ऊन पाण्याचे पाट बागांभोवती आणि द्राक्षमळ्यांभोवती फिरवीत. वर्षभरात त्या पाटांत दगडी कवच धरे आणि अशा कवचांचेच ते शेतांना बांध घालीत. भूगोलकार स्ट्राबोनेही एकसंध दगडाच्या या कुंपणांची नोंद केली आहे. त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती म्हणजे हे पाणी लोकर रंगवायला अतिशय चांगले असून, मुळांपासून काढलेला रंग या पाण्यात असा चढतो की, तो किरमिजी किड्यांच्या किंवा सागरी शिंपल्यांच्या महागड्या रंगांच्या तोडीचा दिसतो. रंगाची ही मुळे म्हणजे आपल्या मंजिष्ठाच्याच कुळातली वनस्पती असावी, असे अभ्यासक मानतात. नगराच्या संपत्तीचा मोठा भाग या पाण्यातून आणि या लोकरीतून आला.

नाशिकच्या एका शिक्षिका विचारतात : हिएरापोलिसमध्ये ‘नरकाचे दार’ सापडले आहे, तिथे जनावर गेले की मरते आणि पुजारी मात्र जिवंत परत येतात, असा मजकूर मुलांच्या मोबाईलवर फिरतो आहे. यात किती तथ्य आहे?

मजकुराची भाषा भडक असली तरी गाभा खरा आहे. ‘नरक’ हा शब्द मात्र बाजूला ठेवावा. ग्रीकांच्या कल्पनेत प्लूटो हा पापी माणसांना छळणारा सैतान नव्हता. तो मृतांच्या पाताळलोकाचा राजा होता आणि भूगर्भातल्या समृद्धीचाही स्वामी होता. त्याच्या अशा स्थानांना प्लूटोनियम म्हणत.

इसवी सनाच्या आरंभी होऊन गेलेल्या स्ट्राबोने हे ठिकाण स्वतः पाहिले होते. तो लिहितो की, डोंगराच्या एका कपारीखाली माणूस जेमतेम आत जाईल एवढे तोंड आहे. त्याच्यापुढे कठडा घातलेले आवार आहे आणि ते इतक्या दाट धुक्याने भरलेले असते की जमीनही दिसत नाही. कठड्याबाहेर उभ्या राहणाऱ्याला काही होत नाही, पण आत नेलेले बैल कोसळतात आणि त्यांना ओढून बाहेर काढावे लागते. त्याने स्वतः आत चिमण्या टाकल्या आणि त्या तत्क्षणी मरून पडल्या. मात्र देवी सिबेलीचे गाल्ली नावाचे पुजारी आत जाऊन सुखरूप परत येत. ते श्वास कोंडून धरीत असावेत असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे, हेही त्याने टिपले आहे. ही देवीची कृपा, की त्यांचे शरीर तसे, की एखादा उतारा त्यांना ठाऊक होता, असे तीन-चार पर्याय तो मांडतो आणि निर्णय देत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची ही शोधक वृत्ती पाहून मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो.

फ्रान्चेस्को द’आन्द्रिया यांच्या नेतृत्वाखालील इटालियन पथकाने हे स्थान ओळखल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. तिथे प्लूटो आणि कोरे, म्हणजे त्याची राणी पर्सेफोनी, यांना अर्पण केल्याचा लेख असलेले अर्धस्तंभ मिळाले. प्रेक्षकांना बसण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या मिळाल्या. पाताळाचा राखणदार कुत्रा सेर्बेरस आणि एक सर्प यांच्या संगमरवरी मूर्तीही निघाल्या. उत्खनन चालू असतानाच उबेसाठी त्या तोंडाजवळ आलेले पक्षी पुरातत्त्वज्ञांच्या डोळ्यांदेखत मरून पडले.

त्यानंतर जर्मन जीवशास्त्रज्ञ हार्डी फान्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वायूचे मोजमाप केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गुहेच्या आत कर्ब वायूचे प्रमाण ९१ टक्क्यांपर्यंत आढळले. हे स्थान नेमके भूभ्रंशाच्या भेगेवर आहे. जी भेग ऊन पाणी वर आणते तीच हा वायूही सोडते. कर्ब वायू हवेहून जड असल्यामुळे तो रात्रभर खालच्या आवारात साचून त्याचा जणू अदृश्य तलाव बनतो. पहाटे तो सर्वांत घातक असतो आणि ऊन चढले की पांगतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आपल्याकडे जाणती माणसे पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहतात. कंदील विझला तर कोणी खाली उतरत नाही. मुलांना हे उदाहरण दिले, तर प्लूटोनियम क्षणात समजेल. बैलाच्या नाकपुड्या या वायूच्या थरात किंवा त्याच्या अगदी जवळ येतात आणि गुंगी आल्यावर तो मान आणखी खाली घालतो. उभ्या माणसाचे तोंड थराच्या वर राहते. वायू कुठवर चढतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी उतरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरलेल्या पुजाऱ्यांना अनुभवाने कळले असले पाहिजे.

म्हणून पुजारी लबाड होते असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. ज्या वायूला रंग नाही, जो डोळ्यांना दिसत नाही आणि तरीही धडधाकट बैलाला क्षणात पाडतो, त्याला पाताळाच्या राजाचा श्वास मानणे हे त्या काळच्या ज्ञानाशी पूर्णपणे सुसंगत होते. त्याच भेगेतून थोड्या अंतरावर आजार बरे करणारे पाणी वर येत होते. मारणारी आणि तारणारी शक्ती एकाच जमिनीतून निघते, हा तिथल्या माणसाचा रोजचा अनुभव होता. प्लूटोनियमच्या शेजारीच अपोलोचे मंदिर उभे राहिले. तो नगराचा आद्य संस्थापक देव मानला जाई आणि रोग देणाराही तोच, हरण करणाराही तोच. त्यांच्याही आधीपासून फ्रिजियन या तिथल्या जुन्या लोकांची मातृदेवी सिबेली या भूमीत पुजली जात होती. पुढे ख्रिस्ती काळात प्लूटोनियमचे तोंड बुजवले गेले.

वसईहून एका वाचकांचा प्रश्न : संत फिलिप यांची कबर हिएरापोलिसमध्ये सापडली असे आम्ही ऐकले. ती खरोखर त्यांचीच आहे का? आणि हे फिलिप येशूच्या बारा प्रेषितांपैकी, की बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातले चार मुलींचे वडील?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो गोंधळ फार जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इफिससचे धर्माध्यक्ष पॉलिक्रातेस यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिले आहे की, बारा प्रेषितांपैकी एक असलेले फिलिप आणि त्यांच्या दोन कन्या हिएरापोलिसमध्ये चिरनिद्रा घेत आहेत. परंतु ‘कृत्ये’ ग्रंथातले, चार भविष्यवादिनी कन्या असलेले सुवार्तिक फिलिप ही वेगळी व्यक्ती आहे आणि प्राचीन लेखकांच्या हातूनच या दोघांची सरमिसळ झालेली दिसते. नगराचे स्वतःचे मत मात्र ठाम होते. त्याच्या लेखी ते प्रेषितच. एवढे निश्चित की, येथे ख्रिस्ती मंडळी अगदी आरंभापासून होती. बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शेजारच्या लावदिकीया नगराच्या जोडीने या नगराचा उल्लेख येतो आणि दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी पापियस हे येथील धर्माध्यक्ष होते.

आता कबरीविषयी. नगराबाहेरच्या टेकडीवर पाचव्या शतकात बांधलेले अष्टकोनी स्मारकमंदिर फार पूर्वीपासून ज्ञात होते आणि कबर त्याच्याच खाली असणार, असे गृहीत धरून शोध चालला होता. तिथे ती मिळाली नाही. २०११ मध्ये द’आन्द्रिया यांच्या पथकाला तेथून सुमारे ४० मीटरांवर एक तीन दालनी चर्च आढळले आणि त्या चर्चच्या पोटात पहिल्या शतकातली एक रोमन कबर. चर्च कबरीभोवती बांधले गेले होते. तिच्याकडे जाणाऱ्या संगमरवरी पायऱ्या असंख्य पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. पंढरपूरला किंवा जेजुरीला झिजलेल्या पायऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही झीज काय सांगते ते समजावून देण्याची गरज नाही.

दुसरा पुरावा हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या रिचमंड शहरातील संग्रहालयात आहे. तो म्हणजे प्रसादाच्या भाकरीवर उमटवायचा काशाचा एक जुना शिक्का. त्यावर संत फिलिप उभे आहेत आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या इमारती आहेत, एक घुमटाची आणि दुसरी उतरत्या छपराची. टेकडीवर दोन वास्तू होत्या हे २०११ नंतर कळले, तेव्हा शिक्क्यावरच्या दुसऱ्या इमारतीचा उलगडा झाला. कबरीत अस्थी मिळाल्या नाहीत. फिलिप यांचे म्हणून मानले जाणारे अवशेष रोममधील पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये आहेत. तेव्हा, पाचव्या-सहाव्या शतकातले यात्रेकरू ज्या कबरीला संत फिलिप यांची कबर मानून नमन करीत ती हीच, याविषयी मला शंका वाटत नाही. पहिल्या शतकात तिच्यात प्रत्यक्ष कोणाला ठेवले होते, हे पुरातत्त्वशास्त्राने सिद्ध झालेले नाही.

टेकडीच्या पायथ्याशी आणखी एक अष्टकोनी वास्तू आहे. ते यात्रेकरूंचे स्नानगृह होते. आधी स्नान, मग चढण, मग दर्शन. नगराचा धर्म बदलला, पण पाण्यावाचून दर्शन नाही हा क्रम बदलला नाही.

इचलकरंजीहून एका यंत्रमागधारकांनी लिहिले आहे : मंदिरे-चर्चे यांविषयी पुष्कळ वाचायला मिळते. तिथे कष्ट करणारी माणसे कोण होती, त्यांचा काही मागमूस आहे का?

या प्रश्नाबद्दल मी तुमचा ऋणी आहे, कारण हिएरापोलिसची हीच बाजू मला सर्वांत जिवंत वाटते. तिचा मागमूस स्मशानात आहे. उत्तर वेशीबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन किलोमीटरहून अधिक लांबीची दफनभूमी पसरली आहे आणि तिथे हजाराहून अधिक थडगी आहेत. मातीचे गोल उंचवटे, घरासारखी दगडी दालने, उंच चौथऱ्यांवर ठेवलेल्या संगमरवरी शवपेट्या. उपचारासाठी आलेले रोगी इथेच मरत म्हणून एवढी थडगी, असे वाटाडे सांगतात. परंतु त्यांवरील लेख वाचले तर त्यांत मुख्यतः याच नगरातले व्यापारी, कारागीर आणि त्यांची कुटुंबे भेटतात.

फ्लाव्हियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या थडग्यावर कोरून ठेवले आहे की, त्याने ग्रीसच्या दक्षिण टोकाचे, खलाशांना धडकी भरवणारे मलेया भूशिर ओलांडून इटलीची सफर ७२ वेळा केली. देवाचे नाव नाही, वंशाची बढाई नाही; ७२ हा आकडा आणि दोन मुलांची नावे. पुब्लियस एलियस ग्लिकॉन याच्या थडग्यावरचा लेख तर तुमच्याच पेशाशी जोडलेला आहे. त्याने जांभळा रंग रंगवणाऱ्यांच्या संघाला २०० आणि गालिचे विणणाऱ्यांच्या संघाला १५० दिनार ठेव म्हणून दिले, अशासाठी की, त्यांच्या व्याजातून ठरलेल्या सणांना आपल्या थडग्यावर पुष्पमुकुट चढावा. ते सण कोणते, तर बेखमीर भाकरीचा आणि पन्नासाव्या दिवसाचा हे ज्यूंचे सण, आणि त्यांच्या जोडीला रोमन नववर्षाचा कालेंडे. एका कारागीर संघाच्या हिशेबवहीत दोन समाजांची दिनदर्शिका एकत्र नांदत होती.

तिसरे थडगे मार्कस ऑरेलियस अम्मियानॉस याचे, तिसऱ्या शतकातले. लेखात त्याच्या चाके घडवण्याच्या कसबाची तारीफ आहे आणि झाकणावर एक यंत्र कोरले आहे. पाण्याने फिरणारे चाक, दातेरी चक्रे आणि दोन्ही बाजूंना दगडाचे ठोकळे कापणाऱ्या दोन करवती. चाकाच्या गोल फिरण्याचे करवतीच्या मागे-पुढे होण्यात रूपांतर करणारी भुजा आणि दांडा यांचे जगातले आजवर ज्ञात असलेले हे सर्वांत जुने चित्रण आहे. वाफेच्या इंजिनापासून मोटारीपर्यंत पुढे हीच युक्ती वापरली गेली. अम्मियानॉसने ती स्वतः शोधली की नाही हे लेख सांगत नाही, पण आपली ओळख म्हणून त्याने देवाची प्रतिमा न कोरवता आपले यंत्र कोरवले.

ठाण्याहून एक वाचक : तिथे क्लिओपात्राने स्नान केलेला तलाव आहे, असे जाहिरातीत पाहिले. हे खरे का?

क्लिओपात्रा तिथे आल्याचा कोणताही पुरावा नाही. तो तलाव मात्र पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्या ऊन, नितळ पाण्यात तळाशी भूकंपाने कोसळलेले रोमन स्तंभ आडवे पडलेले दिसतात आणि लोक त्यांच्यावरून पोहत असतात.

कोल्हापूरहून एका वाचकांची खंत : अलीकडे जाऊन आलो, बरेचसे डोह कोरडे होते. हा वारसा नष्ट होत चालला आहे का?

तुम्ही पाहिलेला कोरडेपणा बहुधा मुद्दाम ठेवलेला असावा. विसाव्या शतकात या कड्याच्या माथ्यावर, अवशेषांच्या मधोमध, हॉटेले उभी राहिली होती. झऱ्याचे पाणी त्यांच्या तलावांकडे वळवले जाई, आणि उतारावरून चक्क मोटाररस्ता काढला होता. पांढरा दगड काळवंडत गेला. जागतिक वारसा म्हणून नोंद झाल्यानंतर ही हॉटेले पाडण्यात आली आणि रस्ता बंद करून त्या जागी उथळ डोह तयार केले गेले. आता पाणी पाळीपाळीने वेगवेगळ्या भागांत सोडतात, कारण सतत ओल्या आणि सूर्यप्रकाशातल्या थरावर शेवाळ धरते. थर पांढरा आणि टणक व्हायला त्याला मध्ये वाळू द्यावे लागते. शेताला पाण्याची पाळी असते तशीच ही व्यवस्था आहे. पादत्राणे काढूनच चालण्याचा नियमही त्या कोवळ्या थरासाठी आहे आणि तो कसोशीने पाळावा.

पुण्याच्या वाचकांना याच संदर्भात एक सुचवतो. शक्य असल्यास बसचालकाला उत्तरेकडच्या दारावर उतरवायला सांगा आणि दफनभूमीतून, वेशीतून, मुख्य रस्त्याने चालत नगरात शिरा. प्राचीन प्रवासी याच वाटेने येत असत. वाटेत काही थडगी अशी दिसतील की, वरून वाहत आलेल्या पाण्याने ती कंबरेपर्यंत दगडात गाडून टाकली आहेत. छप्पर वर, दार थरात बुडालेले. मोठ्या रोमन स्नानगृहात आता संग्रहालय आहे. तिथल्या शवपेट्या आणि मूर्ती पाहायला अर्धा तास राखून ठेवा. पांढऱ्या पायऱ्या शेवटी, मावळतीच्या वेळी उतरा.